छंद म्हणून सोने शोधण्यासाठी जागा: नाशिककरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोदावरीच्या वाळूत, ब्रह्मगिरीच्या ओढ्यांत किंवा स्वतःच्या शेतात सोने सापडेल का, असे विचारणारे नाशिककर कमी नाहीत. दगड-खनिजांचा छंद असलेल्या आम्हा मंडळींकडे हे प्रश्न सतत येतात आणि त्यांतील पुन्हा पुन्हा येणारे येथे एकत्र केले आहेत. कायद्याविषयीची उत्तरे सर्वसाधारण माहितीसाठी आहेत. प्रत्यक्ष काही करण्यापूर्वी जिल्हाधिकारी कार्यालयातील खनिकर्म शाखेत चौकशी करावी.

१. नाशिक जिल्ह्यातील नद्यांत किंवा डोंगरांत नैसर्गिक सोने सापडते का?

छंद म्हणून शोधून हाती लागेल असे सोने नाशिक जिल्ह्यात नाही. आपला जिल्हा जवळजवळ संपूर्णपणे दख्खनच्या काळ्या पाषाणावर, म्हणजे बेसॉल्टवर उभा आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरत गेले आणि त्यांतून हा खडक तयार झाला. १५६७ मीटर उंचीच्या साल्हेरच्या माथ्यावर उभे राहिले तरी पायाखाली हाच खडक असतो. बेसॉल्टमध्ये सोने अजिबात नसते असे नव्हे, पण एका टनात ते काही मिलिग्रॅमच असते आणि तेही खडकभर विखुरलेले. ते एका जागी गोळा होण्यासाठी जी भूशास्त्रीय प्रक्रिया घडावी लागते, ती येथे घडलेली नाही. गोदावरी, दारणा, कादवा, गिरणा आणि मोसम या नद्या आपल्या जिल्ह्यात याच खडकावरून वाहतात, त्यामुळे जे डोंगरात नाही ते त्यांच्या वाळूतही येत नाही. शहरातील गोदापात्रात कधीमधी सोन्याचा कण मिळतो हे खरे आहे, पण त्याचे कारण वेगळे आहे (प्रश्न ९ पाहा).

२. मग सोने कोणत्या खडकांत असते आणि आपल्याला सर्वांत जवळचे असे खडक कुठे आहेत?

भारतातील बहुतेक सोने अतिप्राचीन, अडीचशे कोटी वर्षांच्या आसपासच्या रूपांतरित खडकांत आणि त्यांना छेदून जाणाऱ्या गारेच्या (क्वार्ट्झ या खनिजाच्या) शिरांत सापडते. खोल जमिनीतील उष्ण द्रव भेगांतून वर येताना सोबत विरघळलेले सोने आणतात आणि ते गारेबरोबर भेगेत साचते. कर्नाटकातील कोलार आणि रायचूर जिल्ह्यातील हट्टी ही याची ठळक उदाहरणे होत. कोलारच्या खाणी ३ किलोमीटरहून अधिक खोल गेल्या होत्या आणि २८ फेब्रुवारी २००१ रोजी त्या बंद झाल्या. हट्टीची खाण आजही चालू आहे.

महाराष्ट्रात सोन्याची ठळक नोंद असलेले असे प्राचीन खडक पाहायचे तर नागपूरच्याही पुढे, विदर्भाच्या पूर्व टोकाला जावे लागते. भंडारा, गोंदिया व आसपासच्या जिल्ह्यांत पसरलेल्या साकोली पट्ट्यात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने सोन्याचे अंश नोंदवलेले आहेत. वैनगंगेच्या खोऱ्यात नदीची वाळू धुऊन सोन्याचे कण वेगळे करणारा सोनझारी समाज पिढ्यान्‌पिढ्या राहत आला आहे, ही त्या भूशास्त्राची जिवंत साक्ष आहे. भूशास्त्रीय नकाशा हाती नसताना केवळ वाळूचा रंग, ओढ्याचा उतार आणि अनुभव यांवर त्यांनी जागा ओळखल्या. या ज्ञानाचा मान राखूनच त्या प्रदेशाकडे पाहावे, असे मला मनापासून वाटते.

देशात इतरत्र झारखंडमधील सुवर्णरेखा, छत्तीसगडच्या जशपूर भागातील ईब आणि केरळमधील निलंबूरजवळची चालियार या नद्यांत वाळू धुऊन सोने काढण्याची परंपरा आहे. या सर्व ठिकाणी नदीच्या वरच्या अंगाला प्राचीन खडक आहेत, हा समान धागा लक्षात ठेवावा.

३. नुसता छंद म्हणून घमेलेभर वाळू धुऊन पाहिली, तरी परवानगी लागते का?

होय. खाणी व खनिजे (विकास व विनियमन) अधिनियम, १९५७ याच्या कलम ४ नुसार परवान्याशिवाय खनिजाचे पूर्वेक्षण किंवा खाणकाम करता येत नाही. खनिज साठा शोधण्याच्या हेतूने केलेली कोणतीही कृती पूर्वेक्षणात मोडते आणि सोन्याच्या बाबतीत छंदासाठी किंवा अल्प प्रमाणासाठी या कायद्यात सूट ठेवलेली नाही. उल्लंघन केल्यास ५ वर्षांपर्यंत कारावास आणि प्रति हेक्टर ५ लाख रुपयांपर्यंत दंड अशी तरतूद आहे. २०१५ च्या दुरुस्तीनंतर सोन्याचे खाणपट्टे लिलावाने दिले जातात आणि २०२३ मध्ये सोन्यासह काही खोलवरच्या खनिजांसाठी वेगळा अन्वेषण परवाना आला. पण हे सारे कंपन्यांच्या आवाक्यातील आहे. हौशी माणसाने अर्ज करून घ्यावा असा छोटा परवाना आपल्याकडे नाही.

याखेरीज नदीतील वाळू हे गौण खनिज आहे आणि तिच्या विनापरवाना उपशावर महसूल खाते स्वतंत्र कारवाई करते. नकाशे अभ्यासणे, सार्वजनिक जागेवरून खडक पाहणे, छायाचित्रे काढणे आणि टिपणे ठेवणे यांना मात्र कोणी अडवत नाही. माझ्या मते या छंदाचा मोठा आणि सर्वांत रंजक भाग तोच आहे.

४. जमीन माझ्या मालकीची आहे. माझ्याच शेतात शोधले तर कोणाची हरकत असेल?

सातबाऱ्यावर आपले नाव असले तरी जमिनीखालचे खनिज आपोआप आपले होत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम ४८ ने खनिजांवरील हक्क राज्य शासनाकडे राखून ठेवला आहे. शेतात विहीर घेताना निघालेला दगड निरखून पाहण्यात काही गैर नाही, पण सोने शोधण्यासाठी खोदकाम करायचे तर प्रश्न ३ मधील नियम स्वतःच्या शेतातही लागू होतो. जमिनीत दडवलेली नाणी किंवा दागिने सापडल्यास कायदा निराळा आहे (प्रश्न ११ पाहा).

५. सोने असू शकेल अशी जागा घरबसल्या नकाशावर कशी ओळखावी?

शोध नेहमी नदीपासून नव्हे, खडकापासून सुरू करावा. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ‘भूकोश’ या संकेतस्थळावर देशाचे भूशास्त्रीय नकाशे पाहायला मिळतात. त्यावर आधी नाशिक उघडून पाहावे, म्हणजे जिल्हाभर पसरलेला एकच रंग प्रश्न १ चे उत्तर डोळ्यांसमोर आणतो. मग गोदावरीचा प्रवाह धरून पूर्वेकडे सरकत जावे. नांदेडच्या पूर्वेला बेसॉल्टची चादर संपते आणि ग्रॅनाइट व नीस हे जुने खडक दिसू लागतात. विदर्भाच्या पूर्व भागात तर नकाशा अनेक रंगांच्या पट्ट्यांनी भरून जातो.

अशा पट्ट्यांत तीन गोष्टी एकत्र येतात का ते पाहावे: प्राचीन शिस्ट खडकांचा पट्टा, त्याला छेदणारी भ्रंशरेषा (खडक तुटून सरकल्याची रेषा) किंवा गारेच्या शिरा, आणि पूर्वी कोणीतरी केलेली सोन्याची किंवा तांब्याची नोंद. त्यानंतर त्या भागातून उगम पावणारे ओढे शोधावेत आणि ते उतारावरून सपाटीला कुठे येतात तिथे खूण करावी, कारण प्रवाहाचा वेग जिथे एकाएकी मंदावतो तिथे जड कण खाली बसतात. शेवटी वनक्षेत्राच्या आणि संरक्षित क्षेत्रांच्या सीमा त्यावर ठेवून पाहाव्यात. विदर्भातील अशा बऱ्याच जागा या शेवटच्या पायरीवर गळतात. तरीही नकाशा वाचण्याची जी सवय लागते ती वाया जात नाही.

६. सोने असलेल्या नदीवर पोहोचल्यावर नेमके कुठे पाहतात?

सोन्याची घनता १९.३ आहे, तर साध्या वाळूतील गारेची २.६५, म्हणजे तेवढ्याच आकाराचा सोन्याचा कण सातपटींहून जड असतो. त्यामुळे तो पुराच्या जोराशिवाय हलत नाही आणि जोर ओसरताच सर्वांत आधी थांबतो. वळणाच्या आतल्या बाजूचा वाळूचा पट्टा, मोठ्या धोंड्याची पाठीमागची निवांत बाजू, प्रवाहाला आडव्या जाणाऱ्या खडकातील भेगा आणि काठावरच्या झाडांच्या मुळ्यांतील गाळ या त्याच्या ठरलेल्या जागा आहेत. वरवरची स्वच्छ वाळू बहुधा रिकामी असते. मूळ खडकाला चिकटून बसलेला खालचा घट्ट, दगडगोट्यांचा थर महत्त्वाचा.

७. वाळू धुण्याची कला नाशिकमध्ये घरी शिकता येईल का?

येईल, आणि परवाना असलेल्या ठिकाणी किंवा परदेशात जाण्यापूर्वी ती घरीच शिकावी. नदीची वाळू आणण्याची गरज नाही. आपल्याकडे बांधकामाला वापरतात ती क्रश सँड बेसॉल्टपासूनच केलेली असते आणि तिच्यात चुंबकाला चिकटणारे काळे, जड मॅग्नेटाइट आपसूक असते, त्यामुळे सरावाला ती उत्तम.

दोन ओंजळी क्रश सँड चाळून घ्यावी आणि तिच्यात शिशाचे मोहरीएवढे २० तुकडे मिसळावेत. मासेमारीच्या गळाचे शिसे बारीक कापले तरी चालते. शिशाची घनता ११.३, म्हणजे सोन्यापेक्षा कमी असल्याने शिसे राखता आले तर सोने नक्कीच राखता येते. तिरप्या काठाची पसरट परात किंवा प्लास्टिकचे घमेले घ्यावे आणि ते भांडी घासण्याच्या साबणाने आधी नीट धुवावे. तेलकट पृष्ठभागावर सोन्याचे अगदी बारीक कण पाण्यावर तरंगून निघून जातात. टबभर पाण्यात परात बुडवून मातीची ढेकळे बोटांनी फोडावीत, गढूळ पाणी जाऊ द्यावे. मग परात आडवी धरून डावी-उजवीकडे झपाझप हलवावी. या हलवण्याने जड कण तळाशी जातात, आणि ही पायरी घाईने उरकली की पुढचे सगळे फसते. आता परातीचा पुढचा काठ किंचित खाली करून ती पाण्यात बुडवावी व उचलावी; प्रत्येक वेळी वरचा हलका थर पाण्याबरोबर उतरतो. दर चार-पाच वेळा पुन्हा आडवे हलवावे. शेवटी चमचाभर काळी रेती उरली की थोडेसे पाणी ठेवून परात हळूच गोल फिरवावी. काळ्या रेतीची शेपटी पसरते आणि तिच्या टोकाशी शिशाचे तुकडे मागे राहतात. काळी रेती चुंबकाने काढताना चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळावा आणि चिकटलेली रेती एकदा पसरून तपासावी, कारण तिच्या गठ्ठ्यात कण अडकलेला असू शकतो.

वीसच्या वीस तुकडे सलग काही वेळा परत मिळू लागले की हात बसला असे समजावे. शिसे विषारी आहे. ही परात पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नये आणि काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत. पारंपरिक सोने धुणारे लाकडी काठवट वापरतात. तिचा खरखरीत पृष्ठभाग बारीक कण धरून ठेवतो.

८. ओढ्यात सोनेरी चमकणारे कण दिसले. ते सोनेच आहे हे कसे ओळखावे?

कण सावलीत न्यावा. सोन्याचा पिवळा रंग उन्हात आणि सावलीत सारखाच राहतो. अभ्रक किंवा माक्षिक (पायराइट हे सोन्यासारखे दिसणारे खनिज) कोन बदलला की चमकते आणि लगेच विझते. त्यानंतर सुईचे टोक दाबावे. सोने चेपते, माक्षिक फुटते, अभ्रकाचे पापुद्रे सुटतात. कण मोठा असेल तर फरशीच्या मागच्या, चकाकी नसलेल्या बाजूवर घासून पाहावा: सोन्याची रेघ पिवळी उमटते, माक्षिकाची हिरवट काळी. तरीही शंका राहिली तर ओळखीच्या सराफाकडे जावे; कसोटीच्या दगडावर त्याला क्षणात कळते. नाशिकच्या ओढ्यांत चमकते ते बहुतेक वेळा स्टिल्बाइट किंवा कॅल्साइटचा तुकडा असतो, आणि घराजवळच्या वाळूच्या ढिगात दिसते ते दुरून आलेल्या वाळूतील अभ्रक.

९. सराफ बाजाराजवळ आणि रामकुंडावर माती धुऊन सोने काढणारे लोक दिसतात. मग गोदावरीत सोने आहेच ना?

ते सोने नदीने डोंगरातून आणलेले नाही, माणसांच्या हातून नदीत पोहोचलेले आहे. दागिने घडवताना, कानस चालवताना आणि उजाळा देताना सोन्याचा कीस हवेत व जमिनीवर पडतो, कारागिरांच्या कपड्यांतून आणि पायांतून रस्त्यावर जातो आणि पावसाळ्यात सराफ बाजार व दहीपुलाच्या परिसरात पाणी साचले की तो गटारातून गोदावरीकडे वाहतो. सोनारांच्या पेढ्यांमधील झाडलोटीची माती धुऊन हा कीस परत मिळवणाऱ्यांना झारेकरी म्हणतात. रामकुंडाचे कारण आणखी वेगळे आहे: मृताच्या मुखात सोन्याचा कण ठेवण्याची रीत अनेक घरांत पाळली जाते आणि अस्थींबरोबर तो कण पाण्यात येतो.

हौशी माणसाने येथे उतरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. झारेकऱ्याच्या घरची चूल त्या मातीवर पेटते, आणि कुंडात तर कोणाच्या तरी आईवडिलांच्या अस्थी असतात. शिवाय गंगापूर धरणातून विसर्ग सुरू झाला की पात्रातील पाणी झपाट्याने चढते.

१०. मेटल डिटेक्टर घेऊन किल्ल्यांवर किंवा डोंगरांवर फिरलो तर चालेल का?

किल्ल्यांवर, लेण्यांजवळ आणि जुन्या मंदिरांच्या परिसरात अजिबात चालणार नाही. पांडवलेणी केंद्र संरक्षित आहे, आणि अशा स्मारकापासून १०० मीटरचा पट्टा प्रतिबंधित व त्यापुढील २०० मीटरचा नियंत्रित असतो. साल्हेरचा समावेश २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला. अशा जागी उकरलेला छोटासा खड्डाही इतिहासाचा थर कायमचा विस्कटतो, कारण नाणे कोणत्या थरात, कोणत्या खापरांसोबत पडले होते हीच संशोधकासाठी खरी माहिती असते. नैसर्गिक सोन्यासाठीही आपल्या डोंगरांत हे यंत्र निरुपयोगी ठरते. बेसॉल्टमधील मॅग्नेटाइटमुळे ते जागोजागी खोटे संकेत देते.

११. विहीर खणताना जुनी नाणी किंवा दागिने सापडले तर काय करावे? आणि गुप्तधन दाखवून देतो म्हणणाऱ्यांचे काय?

काम थांबवावे, वस्तू जशी आहे तशी ठेवावी आणि जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे. भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ नुसार जमिनीत दडवलेल्या, १० रुपयांहून अधिक किमतीच्या कोणत्याही मौल्यवान वस्तूची माहिती, म्हणजे स्वरूप, अंदाजे किंमत, जागा आणि तारीख, देणे सापडणाऱ्यावर बंधनकारक आहे. लपवल्यास त्याचा वाटा जातो आणि एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. चौकशीत कोणी पूर्वीचा मालक सिद्ध झाला नाही आणि आपसात वेगळा करार नसेल, तर तीन चतुर्थांश वाटा सापडणाऱ्याचा व एक चतुर्थांश जागामालकाचा असतो. शासनाला मोबदला देऊन ती वस्तू घेण्याचाही अधिकार आहे. म्हणजे प्रामाणिकपणे कळवणाऱ्याला हा कायदा रिकाम्या हाताने पाठवत नाही.

गुप्तधन काढून देण्यासाठी पूजा, बळी किंवा पैसे मागणाऱ्याला दारात उभे करू नये. मौल्यवान वस्तूंच्या शोधासाठी केलेली अघोरी कृत्ये महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरवली आहेत. असे कोणी गावात फिरत असेल तर पोलिसांना कळवावे, कारण अशा प्रकरणांत लहान मुलांचेही जीव गेलेले आहेत.

१२. अमुक ठिकाणी हजारो टन सोने सापडल्याच्या बातम्या येतात. त्यांवर किती विश्वास ठेवावा?

धातूचे वजन सांगितले आहे की धातुकाचे, म्हणजे धातू असलेल्या कच्च्या दगडाचे, हे आधी पाहावे. फेब्रुवारी २०२० मध्ये उत्तर प्रदेशातील सोनभद्र येथे ३००० टनांहून अधिक सोने सापडल्याची बातमी देशभर पसरली. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने लगेच खुलासा केला, की तेथे सुमारे ५२,८०६ टन धातुक असून त्यात टनामागे ३.०३ ग्रॅम सोने आहे. गुणाकार केला की सारे मिळून १६० किलो भरते. टनामागे १ ग्रॅम असलेल्या वाळूची जवळपास ७० घमेली धुतली तर १ ग्रॅम हाती येतो, एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ अफवा जागच्या जागी थांबतील.

१३. पारा किंवा आम्ल वापरून बारीक सोने लवकर वेगळे होते असे ऐकले. घरी करावे का?

करू नये. पारा सोन्याला चिकटतो आणि तो मिश्रधातू तापवला की पारा वाफ होऊन श्वासावाटे शरीरात जातो. मेंदू व मूत्रपिंडे यांची त्याने होणारी हानी अनेकदा भरून येत नाही. पाऱ्याच्या वापराला आळा घालणारा मिनामाता करार भारताने २०१८ मध्ये मान्य केला आहे. नायट्रिक आम्लाचे धूरही घातक असतात. हौशी माणसाला परात, चुंबक आणि भिंग पुरेसे आहे.

१४. मग नाशिकमध्ये राहून शोधण्यासारखे काहीच नाही का?

आहे, आणि जगभरचे खनिज संग्राहक त्यासाठी नाशिकचे नाव घेतात. लाव्हा थंड होताना त्यात वायूच्या पोकळ्या राहिल्या आणि पुढे त्यांत झिओलाइट गटातील आणि त्यांच्या सोबतीच्या इतर खनिजांचे स्फटिक वाढले. दगडखाणीत किंवा नव्या विहिरीच्या राडारोड्यात फुटलेला काळा दगड उचलून पाहिला, तर आत कधी मोत्यासारख्या चकाकीचा पीच रंगाचा स्टिल्बाइट, कधी सुयांच्या झुबक्यासारखा स्कोलेसाइट, तर कधी काचेसारखा नितळ अ‍ॅपोफिलाइट दिसतो. पांडवलेणी डोंगरालगतच्या खाणीतून मिळालेला पॉवेलाइट तर अभ्यासकांत विख्यात आहे. अतिनील प्रकाशाखाली तो पिवळसर उजळतो. काय शोधायचे हे डोळ्यांत भरण्यासाठी आधी सिन्नरचे गारगोटी संग्रहालय निवांत पाहावे. सोन्याच्या ओढीने आलेल्या प्रत्येकाला मी हेच सुचवतो.

खाणीत मालकाच्या परवानगीशिवाय आणि सुरुंगाच्या वेळेत जाऊ नये. हेल्मेट व चष्मा वापरावा, उभ्या कड्याखाली थांबू नये.

१५. ट्रेकला गेलो असताना जंगलातील ओढ्यातून एखादा सुंदर दगड उचलून आणला तर?

भारतीय वन अधिनियम, १९२७ मध्ये जंगलातील खडक आणि खनिजे यांचीही गणना वनोपजात केलेली आहे, त्यामुळे राखीव वनातून विनापरवानगी दगड आणता येत नाही. नांदूरमध्यमेश्वरसारख्या अभयारण्यात नियम अधिक कडक असतात. छायाचित्र काढावे, जागेची नोंद करावी आणि दगड तिथेच ठेवावा.

१६. मुलगा मेलबर्नला असतो. तिकडे गेल्यावर सोने शोधता येईल का?

येईल. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात ‘मायनर्स राइट’ नावाचा परवाना अल्प शुल्कात मिळतो, तो १० वर्षे चालतो आणि हाताच्या अवजारांनी सापडलेले सोने परवानाधारकाचे होते. खासगी जमिनीवर मालकाची संमती लागते आणि राष्ट्रीय उद्यानांपैकी बहुतेकांत बंदी असते. बॅलरॅट व बेंडिगो हा १८५१ पासून गाजलेला सुवर्णप्रदेश आहे. १८६९ मध्ये याच राज्यातील मोलियागुल येथे सुमारे ७२ किलोंचा गोळा सापडला. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी बॅलरॅटच्या सॉव्हरिन हिल येथील ओढ्यात हात आजमावावा. न्यूझीलंडमध्ये काही नद्यांचे ठरावीक पट्टे सर्वांसाठी खुले असून तेथे परात आणि फावडे एवढ्यावर वेगळा परवाना लागत नाही.

१७. तिकडे सापडलेले कण भारतात आणताना सीमाशुल्क लागते का?

परदेशात दीर्घकाळ राहून परतणाऱ्यांना मिळणारी शुल्कमाफी दागिन्यांसाठी असते. कण, गोळे किंवा लगड यांना ती लागू होत नाही. बाटलीत दोन-चार कण असले तरी विमानतळावर लाल मार्गिकेत जाऊन ते जाहीर करावेत, परवान्याची प्रत आणि जागेचे छायाचित्र सोबत ठेवावे, आणि वजन करून मिळालेली पावती त्या बाटलीसोबतच जपून ठेवावी.